शाळेला वाद्ये देताना

चौदा एप्रिल जवळ आली की वस्तीवस्तीतून जयंतीची वर्गणी सुरू होते. मंडप, रोषणाई, मिरवणूक यांचा हिशेब मिटल्यावर थोडीफार रक्कम बहुधा शिल्लक उरते आणि पुढच्या वर्षापर्यंत ती कशात गेली, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. ही शिल्लक आपल्या वस्तीच्या प्राथमिक शाळेत संगीताची एक खोली उभी करण्यासाठी वापरा, असे आमचे समाजबांधवांना आणि विशेषतः महिला मंडळांना सांगणे आहे.

यावर काही वाचक हसतील. शाळेचे छप्पर गळते, दोन वर्गांना मिळून एक गुरुजी, आणि तुम्ही पेटी-तबल्याचे काय घेऊन बसलात! आक्षेप खोटा नाही. परंतु आमची मागणी नवीही नाही. केंद्र सरकारने १९८७ साली खडू-फळा योजना आणली तेव्हा प्राथमिक शाळेला लागणाऱ्या किमान साहित्याच्या यादीत पेटी, ढोलक किंवा तबला आणि मंजिऱ्या यांचा समावेश होता. फळा आणि पेटी एकाच यादीत! पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद झाली. पहिली ते पाचवीच्या लेकरांना तेवढेही नाही. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात गायन-वादन आहे, पण अनेक शाळांच्या कपाटात वाजवायला काही नाही.

आपल्या समाजाला तर या वाद्यांचे मोल वेगळे सांगायला नको. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार जलशांनी पोहोचवला. शाहीर भीमराव कर्डकांच्या पिढीने गावोगाव पायपीट केली ती पेटी-ढोलकीच्या सोबतीने. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. तरीही आयुष्यभर ते गाणी रचत राहिले. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. एवढा वारसा असलेल्या घरातील मुलाला पेटीच्या पट्टीवर बोट ठेवायला विसावे वर्ष उजाडावे लागते, हे आम्हाला पटत नाही.

आता द्यायचे काय? एक पेटी, एक तबलाजोडी, दोन ढोलक्या, दोन हलग्या, पाच-सहा खंजिऱ्या आणि टाळांच्या आठ-दहा जोड्या, एवढ्यावर चाळीस मुलांचा वर्ग रंगतो. पैसा कमी असेल तर टाळ आणि खंजिऱ्या आधी घ्याव्यात, कारण पेटी एका वेळी एकालाच मिळते आणि बाकीची एकोणचाळीस नुसती बघत बसतात. टाळ भजनातले, ते आपल्या मुलांच्या हाती कशाला, असे कोणी म्हणेल. पितळेला कसला आला धर्म?

ढोलकी नटबोल्टची घ्यावी. वादीची ढोलकी शिक्षकाला ओढून सुरात आणता येत नाही आणि मग ती कोपऱ्यात पडते. बॅटरीचे कीबोर्ड देण्याचा मोह टाळावा. ते बिघडले की खेडेगावात दुरुस्त करणारा मिळत नाही.

गायन पार्टी मोडली आणि वाद्ये माळ्यावर गेली, अशी घरे बहुतेक वस्त्यांत सापडतात. ती अवश्य मागावीत, पण पारखून. जुन्या पेटीचा भाता भरून, एकही पट्टी न दाबता थांबावे. भाता झरझर बसला तर हवा गळते आहे. मग एकेक पट्टी दाबून कोणते सूर मुके आहेत ते पाहावे. दुरुस्तीचा खर्च दात्यानेच उचलावा. मोडकी वस्तू शाळेच्या गळ्यात घालणे याला दान म्हणत नाहीत. दान ही दहा पारमितांतील पहिली पारमिता आहे, अडगळ काढण्याची युक्ती नव्हे.

पेटीचे वैरी दोन, उंदीर आणि पावसाळा. उंदीर भाता कुरतडतो, दमट हवेने सुरांच्या पितळी पात्या बिघडतात. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर, खोक्यात बंद करून ठेवावी आणि पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा वाजवावी. तबल्याला चुंबळ आणि झाकण द्यावे. हे शिवायला महिला मंडळाला एक दुपार पुरते.

हलगीवरून मात्र वाद होणार, याची आम्हाला कल्पना आहे. गावकीच्या कामात जी हलगी आपल्या माणसांच्या गळ्यात सक्तीने अडकवली गेली, ती पुन्हा मुलांच्या हातात का द्यायची, असे वडीलधारे विचारतील. त्यांचा राग रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हलगी वर्गातील प्रत्येक मुलाने वाजवावी, पाटलाच्या नातवानेही. आणि पेटीपुढे आपली पोरही बसावी. गुरुजींनी सवयीने हलगी आपल्या मुलाकडे आणि पेटी दुसऱ्याकडे दिली, तर आपल्याच पैशाने जुनी गावकी शाळेत शिरली असे समजावे. यासाठी वाद्यांची पाळी लिहून भिंतीवर लावून घ्यावी, आणि मुलींची नावे पेटी-तबल्यापुढे आहेत की फक्त टाळांपुढे, हे जाऊन पाहावे.

जाऊन पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. आपल्या किती आयाबाया या सभांना जातात? वाद्ये मुख्याध्यापकांच्या हाती परस्पर देऊ नयेत. समितीच्या सभेत ठराव करून घ्यावा, प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवून घ्यावी आणि पोच घ्यावी. गुरुजींची बदली झाली तर पेटी शाळेतच राहील. दात्याचे नाव पेटीवर रंगवायचा आग्रह धरू नये. रजिस्टरात ते असतेच.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. जयंतीला गाणारे-वाजवणारे वस्तीत असतातच. त्यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने शनिवारी सकाळी एक तास द्यावा. मुलांचा गळा उंच असतो, तेव्हा पट्टी मोठ्या माणसांच्या सोयीची नको, काळी चारपासून सुरुवात करावी.