ट्रायकोकार्ड लावले, पण कोणते?



गेल्या उन्हाळ्यात आमचे जुळे सोलापुरात एका जाणत्या सभासदांच्या घरी जाणे झाले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या शिक्षणापायी तिकडे बिऱ्हाड करून आहेत, शेत मात्र गावाकडे. चहा यायच्या आधीच अण्णांनी तक्रार मांडली.

"तुम्ही अंकात लिहिता, ट्रायकोकार्ड लावा, ट्रायकोकार्ड लावा. आम्ही लावलं की हो! दुकानातनं आणून तीन येळा लावलं. पण सुरू उसाचं पोंगं मरायचं काय थांबलं न्हाई. सरीत ह्यो एवढाला तुटाळ पडलाय. आता ह्याचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांबरोबर शेतावर गेलो. मेलेला पोंगा धरून ओढला. तो अलगद हातात आला आणि बुडाला कुजका वास. म्हणजे ही खोडकीड. शेंडे किडीचा पोंगा असा सहजी निघत नाही. तिच्या पानावर ओळीने भोके दिसतात आणि पुढे शेंड्याला झाडूसारखे फुटवे येतात.

मग अण्णांनी कार्डाचे रिकामे पाकीट दाखवले. त्यावर बारीक अक्षरात 'ट्रायकोग्रामा जापोनिकम' असे छापले होते. उसात जापोनिकमची शिफारस आहे ती शेंडे किडीसाठी. खोडकीड व कांडी कीड यांच्यासाठी लागतो तो 'ट्रायकोग्रामा चिलोनिस'.

अण्णा म्हणाले, "आता नाव वाचत बसायचं व्हय? ट्रायको म्हंजे ट्रायको."

खरे सांगायचे तर चूक एकट्या अण्णांची नव्हे. आम्हीही या पानांतून आजवर नुसते 'ट्रायकोकार्ड' लिहीत आलो, पुढचे नाव लिहिले नाही. म्हणून हा लेख.

दिसायला सारखे, कामाला वेगळे

ट्रायकोग्रामा हा गांधील माशीच्या गणातला, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्याची मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली अळी किडीचे अंडे खाऊन वाढते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून किडीऐवजी नवा ट्रायकोग्रामा बाहेर पडतो. जगात याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. साध्या भिंगाखाली बहुतेक जाती जुळ्या भावंडांसारख्या एकच दिसतात.

अण्णांच्या घरी जुळे नातू आहेत. आम्हाला त्यांच्यातला थोरला-धाकटा कधी ओळखू आला नाही. त्यांची आई मात्र कानामागचा तीळ पाहून क्षणात सांगते. ट्रायकोग्रामाचा असा तीळ कोठे असतो, हे शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली.

रंगावरून ओळखावे, तर तोच कीटक थंडीत वाढला की काळसर होतो आणि उन्हाळ्यात पिवळट. आकारावरून ओळखावे, तर मोठ्या अंड्यातून निघालेला मोठा आणि लहान अंड्यातून निघालेला लहान. आपल्या देशात १९३० च्या दशकात म्हैसूर भागात उसाच्या किडींवर ट्रायकोग्रामा सोडण्याचे प्रयोग झाले, तेव्हा त्याला 'मिनिटम' म्हणत. पुढे कोणी 'इव्हॅनेसेन्स' म्हटले, कोणी 'ऑस्ट्रॅलिकम'. नावच पक्के नसेल, तर एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी लागू कसा करावा?

हा गुंता सोडवण्यात मोठा वाटा बंगळूरच्या दोन शास्त्रज्ञांचा आहे: सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज. तेथील राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्रात काम करताना त्यांनी १९७१ साली दाखवून दिले की, खरी खूण नराच्या जननेंद्रियाच्या घडणीत आहे. नर काचपट्टीवर पारदर्शक करून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जात कळते.

दुसरी कसोटी संकराची. एका गटाचा नर आणि दुसऱ्या गटाची मादी एकत्र ठेवतात. या कीटकात फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतात आणि फलन झालेल्यातून माद्या. तेव्हा संततीत नुसते नरच निघाले, तर दोघांचे जुळले नाही, जाती वेगळ्या असाव्यात असे समजावे. आज याच्या जोडीला डीएनए तपासणीही आहे. काही ठिकाणचे ट्रायकोग्रामा एका जिवाणूमुळे फक्त माद्याच निपजवतात. तेथे नरच मिळत नाही, मग डीएनएचाच आधार.

आपल्याकडील 'ऑस्ट्रॅलिकम' हा खरा ऑस्ट्रॅलिकम नव्हेच, हे या कामातून पुढे आले. १९७६ साली इटलीच्या विज्जानींनी त्याला 'कन्फ्यूझम' नाव दिले. पण १९४१ सालीच जपानच्या इशींनी त्याचे 'चिलोनिस' असे नामकरण केलेले होते. १९७९ साली हे स्पष्ट झाले आणि जुने नाव कायम राहिले. आज आपल्या खोडकिडीच्या कार्डावर असायला हवे ते हेच नाव.

सभासदांनी काय पाहावे

सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचे काम आपले नव्हे. ते प्रयोगशाळेचे. आपण एवढेच करावे:

१. आधी कीड ओळखावी. पोंगा ओढून पाहावा, वास घ्यावा, मगच कार्ड मागावे.

२. पाकिटावरील पूर्ण नाव वाचावे. कार्ड तयार केल्याची आणि कीटक बाहेर पडण्याची तारीख पाहावी. नाव-तारीख नसलेले कार्ड घेऊ नये.

३. ट्रायकोग्रामा फक्त अंडी मारतो. खोडात शिरलेल्या अळीला तो काही करू शकत नाही. अण्णांनी कार्ड लावले तेव्हा पोंगे मरू लागले होते, ही त्यांची दुसरी चूक. सुरू लागणीत पतंग दिसू लागताच, साधारण महिना-सव्वा महिन्यापासून, दर दहा दिवसांनी हेक्टरी ५० हजार कीटक या हिशेबाने कार्डे लावावीत.

४. कार्ड घेतले की रेंगाळू नये. जुळे सोलापुरातल्या घरी टीव्हीवर ठेवून रविवारी शेतावर नेऊ म्हटले, तर कीटक दिवाणखान्यातच उडून जातात. गाडीच्या डिकीत दुपारच्या उन्हात ठेवले, तर आतल्या आत मरतात.

५. पट्ट्या कापून सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्यात. मुंग्यांवर लक्ष ठेवावे. आठवडाभर कीटकनाशक फवारू नये.

६. एक तुकडा काचेच्या बाटलीत घालून तोंडाला कापसाचा बोळा बसवावा. बारीक चिलटे फिरताना दिसली म्हणजे कार्ड जिवंत.

७. उसाच्या पानामागची अंडीही भिंगातून पाहावीत. अंड्यात नुसता काळा ठिपका दिसला, तर ते अळीचे डोके, कीड निघणार. सबंध अंडे काळे झाले, तर आपला मित्र आत आहे.

याच्या जोडीला वेळेवर पाणी आणि बाळबांधणी हवीच. कार्ड म्हणजे काही जादूची कांडी नव्हे.

अण्णांनी त्या वेळी रोपे आणून तुटाळ भरला. रोपांचा आणि मजुरीचा खर्च अंगावर पडला तो पडलाच. यंदा मात्र लागण झाल्याझाल्याच त्यांनी चिलोनिसची मागणी नोंदवली. म्हणाले, "औंदा सरीतला तुटाळ मोजूनच सांगतो. कमी झाला तरी सांगीन, न्हाई झाला तरी सांगीन." ते जे सांगतील ते याच पानावर छापू. आणि यापुढे आम्हीही नुसते 'ट्रायकोकार्ड' लिहिणार नाही, हा शब्द देतो.