एका पायावर उभं राहताना

कांजूरमार्गला फक्त धीम्या लोकल थांबतात. गर्दीत हाताला कडी लागली नाही, तर आपण नकळत गुडघे सैल सोडतो. काठीसारखा ताठ उभा राहणारा आधी शेजाऱ्याच्या अंगावर जातो. हे आम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, पण घरात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आमची चाळ पुनर्विकासात गेली. तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली आणि गेल्या वर्षी चौदाव्या मजल्यावर आलो. घर मोठं मिळालं, पण अम्मींची गॅलरी गेली, शेजारणी वेगवेगळ्या विंगांत पांगल्या. चाळीत मोरीवर बसून वुझू करणाऱ्या अम्मी आता बेसिनमध्ये पाय उचलून धुऊ लागल्या. एकदा फजरच्या वेळी तोल गेला. अल्लाहच्या कृपेने हाड वाचलं. भीती मात्र बसली. त्या खुर्चीतून उठेनात. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका आणि तोलाचा सराव करा.

शरीराचा तोल तिघे मिळून सांभाळतात : डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून डोळे मिटून पाहा, लगेच कळेल. वयाबरोबर हे सगळं मंदावतं, पण सरावाने सुधारतंही. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं होतं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. अम्मींना हे आम्ही सांगितलं नाही.

आम्ही वृक्षासन निवडलं. आधी दोन्ही पायांवर सरळ उभं राहायचं, मग एक तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्याशी किंवा पोटरीला टेकवायचा. जमल्यास मांडीला, पण गुडघ्यावर कधीच नाही. नजर समोरच्या एका न हलणाऱ्या वस्तूवर. श्वास रोखायचा नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोर यांचा आधार योगात आणला, त्यामुळे ओट्याला हात लावण्यात कमीपणा कसला? चक्कर येत असेल किंवा हाड मोडून फार दिवस झाले नसतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

"हे आपल्यात चालतं का?" असं एका शेजारणीने विचारलंच. आम्ही कोणताही मंत्र म्हणत नाही. पाय, भिंत आणि श्वास, एवढंच.

सुरुवातीला अम्मी हलल्या की चिडायच्या. पण एका पायावर कोणीच स्तब्ध नसतं. घोटा सतत इकडेतिकडे होत सावरत असतो. हे कळल्यावर त्यांचं चिडणं कमी झालं. त्याच सुमारास त्या दुपारी खाली बाकावर जाऊन बसू लागल्या. जुन्या दोघी शेजारणी तिथे भेटतात, एक नवीनही येते.

आता उजव्या पायावर बारा सेकंद होतात, डाव्यावर पाच. "डावा अजून चाळीतच आहे," असं त्या म्हणतात. बेसिनपाशी पाय उचलण्याआधी भिंतीला हात लावतात आणि आम्ही तो काढायला सांगत नाही.