पान आषाढात येईल

सूर्यमाळच्या अलीकडच्या उतारावर पहिल्या पावसाने माती मऊ झाली आहे. मुंबईहून आपल्या सरांबरोबर इंटर्नशिपला आलेली बीएस्सीची मुलं करवंदीच्या जाळ्यांखाली वाकून बघताहेत. मोखाड्यातली एक कोकणा आजी हातात विळा घेऊन पुढे चालली आहे. ही वरकस जमीन तिच्याच घरची. मागे तिची नात आहे, जव्हारला कॉलेजात विज्ञान शिकते. इंटर्नच्या यादीत तिचं नाव नाही. आजीचं बोलणं मुलांना कळावं म्हणून ती सोबत आली आहे.

“हा बघा,” आजी थांबते.

पालापाचोळ्यातून शेवळा वर आला आहे. जांभळट आवरण आणि आत उभा दांडा. एक मुलगा नाक जवळ नेतो आणि झटकन मागे सरकतो. हा कुजका वास माश्या-भुंगेऱ्यांना बोलावण्यासाठी आहे, सर सांगतात. वहीत नाव उतरतं : अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. खाली स्थानिक नाव, तारीख, उंची, मातीचा प्रकार. फुलाचा रंग जागेवरच लिहायचा, कारण वाळल्यावर तो राहत नाही. मुलं हे सगळं मन लावून करतात. वर्गात चित्र काढून शिकलेलं फूल इथे हाताला चिकटतं.

मांसल दांडा तसाच दाबला तर कागदात कुजेल, म्हणून सर तो ब्लेडने उभा चिरतात. अर्धा वर्तमानपत्रांच्या घडीत जातो, अर्धा स्पिरिटच्या बाटलीत. चिरलेल्या भागात रचना स्पष्ट दिसते : तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं, वर गुळगुळीत टोक. आजीही वाकून बघते. खालचा दाणेदार भाग ती भाजी निवडताना खुडून टाकते, घशाला खाज येते म्हणून. आणि तरीही भाजीत काकडाची आंबट फळं घालावीच लागतात. सर मुलांना कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांबद्दल सांगू लागतात. नात ते आजीला तिच्या बोलीत समजावते. आजी मान हलवते, पण तिला त्यात नवीन काही वाटलेलं दिसत नाही. कुठला भाग टाकायचा हे तिला कधीपासून माहीत आहे.

“आणि याचं पान?” एक मुलगी विचारते.

“आता कुठलं पान? फूल जिरलं की मग. आषाढात येईल.”

मुलं एकमेकांकडे बघतात. शेवळ्याचं फूल आधी येतं आणि पान नंतर, त्यामुळे एका फेरीत त्याचा पूर्ण नमुना मिळतच नाही. आषाढात ही मुलं आपापल्या कॉलेजात असतील. उन्हाळी इंटर्नशिप जूनबरोबर संपते आणि शेवळा काही तिच्यासाठी वेळापत्रक बदलणार नाही.

वनस्पतींची अशी नोंद नवी नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने निघाला. सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम 1906 चं, त्यात आज दोन लाखांच्या आसपास नमुने आहेत. अशा संग्रहांतल्या कागदांवर गोळा करणाऱ्याचं नाव असतं. ज्याने वाट दाखवली, नाव सांगितलं, त्याचं क्वचितच. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावागावांत लोकांच्या माहितीची नोंदवही करायला सांगितलं आहे, ते योग्यच आहे. पण नोंदवहीत आजीची माहिती उतरवून घेणं वेगळं आणि तिच्या नातीला भिंग, सूक्ष्मदर्शक आणि विद्यावेतन देणं वेगळं. मला दुसरं हवं आहे. जव्हार-मोखाड्यातली मुलं फूल आणि पान दोन्ही बघू शकतात, कारण ती इथेच असतात. त्यांना बाजूला ठेवून या भागातल्या वनस्पतींचा अभ्यास अर्धाच होणार.

आजी शेवळ्याशेजारी तीन दगड रचते, म्हणजे जागा सापडेल. नात सरांसमोर येते.

“सर, पान मी काढीन. पण दाबायला कागद आणि पट्ट्या द्याल का?”

सर लाकडी दाबपट्ट्यांची जास्तीची जोडी तिच्याकडे देतात. कागद रोज बदलायचे, ओले कागद चुलीजवळ वाळवायचे, नमुन्याला फुलाचाच क्रमांक लावायचा, असं समजावतात. ती वहीत लिहून घेते आणि विचारते, “पान मुंबईला आणून द्यायला एसटीचं भाडं मिळेल ना?”

“संस्थेत विचारून सांगतो,” सर म्हणतात.

मी तिथेच त्यांना म्हणते की भाड्याचं आजच ठरवा, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत हिचं नाव घाला. सर वही उघडतात आणि तिचं पूर्ण नाव विचारतात.