माथा ते ओढा : हिवरेबाजारच्या डोंगराची दुरुस्ती

खाणकाम थांबल्यावर मागे राहिलेली जमीन पुन्हा उपयोगात आणण्याचे एक शास्त्र आहे. त्यात वरची माती खोदकामापूर्वीच वेगळी काढून साठवली जाते, टाकाऊ दगडांच्या ढिगांचे उतार सौम्य केले जातात, उतारावरचे पाणी ओढ्यात शिरण्याआधी थोपवले जाते आणि मग त्या जागी आधी गवत व नंतर झाडे रुजवली जातात. केंद्र सरकारच्या नियमांत 2003 मध्ये दुरुस्ती होऊन प्रमुख खनिजांच्या खाणींना बंद होतानाचा आराखडा सक्तीचा झाला. दगड-मुरुमासारख्या गौण खनिजांच्या बाबतीत मात्र पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असे ठरण्यासाठी फेब्रुवारी 2012 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या, दीपक कुमार खटल्यातील आदेशाची वाट पाहावी लागली. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कोळशाच्या किंवा लोहखनिजाच्या खाणी नाहीत. तेथील डोंगर उघडे पडले ते मुख्यतः कुऱ्हाडीने आणि मोकाट चराईने. ही जखम संथ असली तरी तिच्यावरचा उपाय जवळपास खाणजमिनीवरच्या उपायासारखाच आहे, आणि तो कसा करावा याचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला नमुना नगर तालुक्यातील हिवरेबाजार या गावात आहे.

गावाचे क्षेत्र सुमारे 977 हेक्टर असून ते पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. तेथे वर्षाला साधारण 300 ते 400 मिलिमीटर पाऊस पडतो. हा भूभाग लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. कठीण कातळ पाणी आत घेत नाही, पण थराचा वरचा, झिजून भुसभुशीत झालेला भाग, ज्याला मुरूम म्हणतात, तो पाणी मुरवून घेतो व विहिरींना झरे देतो. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगरावरची झाडे तुटत गेली, पातळ माती पावसाबरोबर ओढ्यात गेली, आणि कोसळणारी सर मुरण्याऐवजी तासाभरात गावाबाहेर वाहून जाऊ लागली. विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवू लागल्या आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडली.

1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, आणि 1994 मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. राळेगणसिद्धी या गावातील कामाच्या अनुभवावर उभ्या असलेल्या या योजनेत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच बंधने गावाने स्वतःवर घालून घ्यायची होती. कामाचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा होता. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी एकाच ओढ्याला मिळते ते क्षेत्र. त्याची दुरुस्ती वरून सुरू केली नाही, तर खाली बांधलेला बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. ओढा खाली दिसतो, पण त्याचे दुखणे वर असते, ही साधी गोष्ट ठेकेदारी कामांत वारंवार विसरली जाते, कारण बंधाऱ्याचे उद्घाटन करता येते आणि चराचे करता येत नाही.

या कामाचा गाभा म्हणजे सलग समतल चर. डोंगराच्या उतारावर समान उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, म्हणजे समपातळी रेषा, आखून तिच्यावर साधारण दोन फूट रुंदीचा, उथळ चर खणतात आणि निघालेला मुरूम उताराच्या खालच्या बाजूस बांधासारखा रचून त्यावर बी टोकतात किंवा रोपे लावतात. रेषा आखण्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. दोन समान बांबू वर जोडून, मध्ये आडवी काठी बांधून व ओळंबा सोडून तयार केलेली ‘ए-फ्रेम’ पुरते. ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरील मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर असतात. पण येथे चूक स्वस्त पडत नाही. चर किंचित जरी उतरता झाला, तरी सगळे पाणी त्याच्या खालच्या टोकाला जमते, बांध फुटतो आणि जेथे पूर्वी ओघळ नव्हती तेथे नवी घळ तयार होते. चर नीट साधला तर साचलेले पाणी मुरुमात उतरते. काही वर्षांत चर गाळाने बुजतात, हे अपेक्षितच असते. तोवर गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असावी लागते. म्हणूनच चराईबंदी चराइतकीच महत्त्वाची ठरते. हिवरेबाजारमध्ये डोंगरावर जनावरे सोडायला मनाई असली तरी गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा आहे. त्यामुळे गोठ्यातील पशुपालन वाढले आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यास दिवसाला सुमारे 150 लिटर असलेले गावाचे दूध पुढे सुमारे 4000 लिटरांपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. चरांच्या खाली ओघळींत अनघड दगडांचे बांध, त्याखाली मातीचे नालाबांध आणि पाझर तलाव अशी उतरंड आहे.

तरीही हिवरेबाजारचे वेगळेपण खोदकामात नाही. समतल चर महाराष्ट्रात इतरत्रही भरपूर खणले गेले आणि चराई न थांबल्याने त्यांतले पुष्कळ बुजून गेले. हिवरेबाजारने मुरलेले पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसणार हे ठरवले, ही तेथील खरी रचना आहे. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास बंदी आहे, कारण खोल कातळाच्या भेगांतले पाणी उपसले की शेजारच्या उघड्या विहिरींचा आधार सुटतो. ऊस आणि केळी ही पिके वर्ज्य आहेत. 2004 पासून पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, म्हणजे पडलेला पाऊस व विहिरींची पातळी यांवरून पाणी किती आहे याचा अंदाज बांधून माणसे आणि जनावरे यांची गरज आधी बाजूला काढली जाते, आणि उरलेल्यावर रब्बीची पिके ग्रामसभेत ठरतात. पोपटराव पवार यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण या ताळेबंदाचे काम त्यानेही संपत नाही. ते दरवर्षी नव्याने करावे लागते.

हिवरेबाजारला जाणाऱ्याने हिरवा डोंगर जरूर पाहावा, पण जमल्यास पावसाळा संपल्यावर, ताळेबंदाच्या ग्रामसभेच्या सुमारास जावे.