अंगझडती आणि कोयता

दिवाळी आटोपली कीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या बाजूच्या खेड्यांतून ऊसतोडीला जाणारीं कुटुंबें बाहेर पडूं लागतात. कांहीं जवळच शहादा तालुक्यांतील उसावर जातात. पुष्कळशीं सुरत-बारडोलीकडची वाट धरतात. बोचक्यांत भांडीं, पांघरुणें, थोडें पीठमीठ, आणि गोणपाटांत गुंडाळलेला कोयता, एवढाच काय तो संसार. मुकादमाच्या बोलींत कोयता हें केवळ हत्याराचें नांव नाहीं. 'एक कोयता' म्हणजे तोडणीचें एक जोडपें. नवराबायकोच्या कष्टाचें मापच तें.

पुण्यांत हाच शब्द निराळ्या अर्थानें गाजला. सन २०२२ च्या अखेरीपासून हातांत कोयते घेऊन रात्रीं दुचाकीवर फिरणाऱ्या, दुकानांची व वाहनांची मोडतोड करणाऱ्या आणि वाटसरूंस धाक घालणाऱ्या पोरांच्या टोळ्यांस 'कोयता गँग' हें नांव पडलें. त्यांतील कित्येक तर कायद्यानें अज्ञान होते. पोलिसांनीं नाकाबंद्या केल्या, रात्रीच्या झडत्या घेतल्या, कोयते विकणाऱ्या दुकानदारांनीं गिऱ्हाइकाची ओळख पाहून नोंद ठेवावी असेंहि फर्माविलें. जप्त कोयत्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं आणि नागरिकांस बरें वाटलें. तें स्वाभाविकच होतें. परंतु ढीग दिसणें ही एक गोष्ट आणि वार कमी होणें ही दुसरी; या दोहोंचा संबंध कितपत आहे, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें ध्यानांत घ्यावें. सन १९५९ च्या शस्त्रकायद्यानें केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगाकरितां बनविलेल्या वस्तु 'शस्त्र' या व्याख्येंतून वगळल्या आहेत. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें येतात. पण तेथेंहि घरकाम, शेती व उद्योग यांसाठीं घडविलेलीं हत्यारें सोडलेलीं आहेत. याशिवाय १९५१ च्या पोलिस कायद्याचें ३७ वें कलम आहे. सणासुदीच्या किंवा तणावाच्या दिवसांत त्या कलमान्वयें हुकूम निघतो, आणि हुकुमाच्या मुदतींत तरवारी, भाले, सुरे, लाठ्या घेऊन फिरण्यास बंदी होते. हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा असल्यामुळें पुढें महाराष्ट्र व गुजरात या दोघांच्याहि वांट्यास आला. नवापूरचें रेल्वेस्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे. एकाच फलाटावर एकाच कायद्याचें तेंच कलम, पण हुकूम काढणारे अधिकारी मात्र दोन, अशी तेथील मौज आहे.

सारांश, गुन्हा पात्यांत नसून तें पातें कोणी, केव्हां, कशासाठीं जवळ बाळगलें यांत आहे. गोणपाट उघडणाऱ्या शिपायास लोखंड लगेच दिसतें, हेतु दिसत नाहीं. तो त्याला माणसाच्या तोंडावरून, कपड्यांवरून आणि बोलीवरून ताडावा लागतो. सगळी अडचण या ताडण्यांत सांठलेली आहे.

झडतीचा उपयोग दोन प्रकारें व्हावा, अशी अपेक्षा असते. सांपडलेला सुरा तेवढ्यापुरता रस्त्यावरून नाहींसा होतो, हा एक. आणि 'वाटेंत पोलिस तपासतील' या भीतीनें इतर लोक सुरा घरींच ठेवतात, हा दुसरा. पिस्तुलाच्या बाबतींत पहिल्या प्रकाराला कांहीं वजन आहे, कारण पिस्तूल मिळविण्यास पैसा व ओळख लागते. चाकूचें तसें नाहीं. एक जप्त झाला तर दुसरा घरच्या चुलीपाशीं आहेच, आणि तिसरा आठवड्याच्या बाजारांत थोडक्या पैशांत मिळतो. तेव्हां भरंवसा काय तो भीतीवर. आणि भीति वाटण्यास आधीं विचार करण्याची संवय असावी लागते.

सन २०२२ सालीं देशांत खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकीं ९,९६२ गुन्हे भांडणतंट्यांतून आणि ३,७६१ वैयक्तिक वैरांतून घडले; लाभासाठीं झालेले खून १,८८४ होते, असें राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाची आकडेवारी सांगते. बांधाचा, पैशाचा, दारूच्या गुत्त्यावरील शब्दाचा तंटा अंगणांत किंवा ओट्यावर पेटतो, आणि हाताला येईल तें हत्यार उचललें जातें. त्या अंगणांत नाका नसतो. पुण्यांत सदाशिव पेठेंत २७ जून २०२३ रोजीं भर दिवसां एका तरुणीवर कोयत्यानें हल्ला झाला, तोहि तिच्या ओळखीच्या तरुणाकडून. शहरांत कोयत्यांविरुद्ध मोहीम गाजून कांहीं महिनेच झाले होते. ती मुलगी वांचली ती रस्त्यावरच्या धाडसी तरुणांनीं हल्लेखोराला धरलें म्हणून.

हा सारा तर्क झाला. तर्काला मोजमापाची जोड हवी, आणि तें मोजमाप विशेषें लंडन शहरांत झालें. कारण तेथें पोलिसांस प्रत्येक झडतीची लेखी नोंद ठेवावी लागते. सन १९९४ च्या इंग्रजी कायद्याचें ६० वें कलम तर ठराविक मुलखांत व ठराविक वेळीं, व्यक्तीविषयीं विशेष संशय नसतांहि, तिची झडती घेण्याची मुभा देतें. सन २००८ पासून लंडनमध्यें चाकूंविरुद्ध मोठी मोहीम झाली. ब्रिटिश गृहखात्यानेंच पुढें तिची तपासणी करविली. ज्या भागांत झडत्या एकदम वाढविल्या आणि ज्या भागांत फारशा वाढविल्या नाहींत, त्यांची तुलना केली असतां गुन्हे कमी होण्यांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाहीं, असा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. नंतर २०१८ सालीं तीन संशोधकांनीं त्याच शहराचे २००४ पासूनचे दहा वर्षांचे आंकडे तपासले. त्यांनाहि झडत्यांचा परिणाम फार थोडा, आणि तोहि मुख्यतः अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांपुरता आढळला.

न्यू यॉर्कचा अनुभव याहून बोलका आहे, मात्र तेथें शोध प्रामुख्यानें बंदुकांचा होता. सन २०११ मध्यें तेथील पोलिसांनीं ६,८५,७२४ वेळां लोकांस रस्त्यांत अडविलें. न्यायालयानें २०१३ सालीं या पद्धतीवर ताशेरे ओढले, अडविण्याची संख्या घसरत २०१५ मध्यें सुमारें साडेबावीस हजारांवर आली. शहरांत रक्ताचे पाट वाहतील असें भाकीत पुष्कळांनीं केलें होतें. खुनांचा आंकडा २०११ सालीं ५१५ होता, तो २०१५ सालीं ३५२ झाला.

दुसऱ्या बाजूलाहि पुरावा आहे आणि तो झांकून ठेवणें बरें नव्हे. सन २०२३ मध्यें अशा ४० अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. जेथें नेमक्या उपद्रवी जागा निवडून पोलिसांनीं अडविण्याचें प्रमाण वाढविलें, तेथें गुन्हे सुमारें १३ टक्के कमी झाल्याचें त्यांत दिसलें. पण त्याच आढाव्यानें असेंहि सांगितलें कीं, ज्यांना अडविलें गेलें त्यांचें मनःस्वास्थ्य बिघडलें, पोलिसांवरील विश्वास उडाला, आणि त्यांच्याच सांगण्यावरून पाहतां त्यांचें वर्तन पुढें सुधारण्याऐवजीं बिघडलें. म्हणजे लाभ सर्व मोहल्ल्याला, आणि त्याची किंमत भरावी लागते अडविलेल्या पोराला. तो बहुधा निरपराधीच असतो.

ही किंमत कधीं कधीं साऱ्या शहरालाहि द्यावी लागते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागांत एप्रिल १९८१ मध्यें पोलिसांनीं कांहीं दिवसांत ९४३ लोकांना अडविलें व ११८ जणांना पकडलें. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णी तरुण होते. त्याच आठवड्यांत तेथें मोठी दंगल उसळली.

खानदेशला हा धडा परका नाहीं. सन १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसल्यावर भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठीं सैन्याच्या तुकड्या सातपुड्यांत धाडल्या गेल्या. नाईक पकडले गेले, मारले गेले, पण पुंडावा थांबला नाहीं. सन १८२५ मध्यें औट्राम यानें धरणगांवास भिल्लांचीच पलटण उभी केली, जोडीला जमिनी व तगाई देण्याचा क्रम सुरू झाला. फौजेचा धाक सरकारनें सोडला होता असें नाहीं. तरी ज्यांच्यावर पाळत ठेवावयाची, त्यांनाच चौकीवर उभें केल्यानें काम पुढें सरकलें, हें खरें. त्याच सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मावरून माणसाला संशयित ठरविलें, हीहि गोष्ट विसरतां येत नाहीं. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पारध्याच्या पालावर रात्रीं पडणारी थाप मात्र त्या सालीं थांबली नाहीं. जिल्ह्यांत २०११ च्या गणतीप्रमाणें शंभरांत सुमारें ६९ माणसें आदिवासी आहेत. अशा ठिकाणीं तोंडवळा पाहून झडती घ्यावयाची म्हटली तर ती कोणाची होईल, हें सांगावयास नको.

म्हणून झडती मुळींच नको असें कोणी म्हणेल, तर तेंहि अविचाराचें होईल. मार्गशीर्षांत सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो, तापीकांठीं लाखों पावलें फिरतात. तेथें येणाऱ्या प्रत्येकाला, शेट असो कीं सालदार असो, एकाच कमानींतून तपासून आंत सोडलें तर कोणाचा अपमान होत नाहीं, आणि गर्दींत सुरा येत नाहीं. होळीच्या आधीं धडगांवकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हां दोन कुळांचें वैर पेटल्याची नक्की खबर असेल, तर त्या कुळांतील माणसांना वाटेंतच थांबविणें शहाणपणाचें आहे. खबर, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी जितक्या नेमक्या, तितकी झडती उपयोगी. पण 'या महिन्यांत इतके कोयते जप्त झालेच पाहिजेत' असें वरून ठरलें, कीं शिपाई सर्वांत सोपा कोयता शोधतो. आणि सर्वांत सोपा कोयता ऊसतोड्याच्या गोणपाटांत असतो. हुज्जत न घालतां तो तें उघडून दाखवितो. कोयता गेला कीं त्याचा हंगाम बुडतो, आणि अंगावर घेतलेली उचल तशीच राहते.

झडती कशी घ्यावी याचे नियम जुनेच आहेत. स्त्रीची झडती स्त्रीनेंच व मर्यादा सांभाळून घ्यावी. घराच्या झडतीस दोन प्रतिष्ठित पंच असावे. जप्त वस्तूंची यादी व्हावी. ता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानें झडती-जप्तीचें ध्वनिचित्रण करण्याची भर घातली आहे. तें चित्रण मोबाईलवर करतां येतें, तेव्हां साधनाची सबब उरलेली नाहीं. भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलींत कारण सांगणारा शिपाई नाक्यावर असावा, असें कोणत्याच कलमांत लिहिलेलें नाहीं. पण जिल्ह्यांत असे शिपाई मिळण्यास अडचण पडूं नये.

मोहीम फळली कीं नाहीं हें जप्त कोयत्यांवरून कळत नाहीं. तें कळतें जखमांवरून. वेल्समधील कार्डिफ शहरांत यासाठीं एक साधी युक्ति योजली गेली. मारहाणीची जखम घेऊन जो इस्पितळांत येई त्याला वार कोठें, केव्हां व कशानें झाला एवढेंच विचारीत, आणि नांव गाळून ती माहिती पोलिसांस व नगरपालिकेस देत. पुष्कळ जखमी पोलिसांकडे जातच नाहींत, असें त्यांतून उघड झालें. मग त्या जागीं, त्या वेळीं गस्त ठेवली गेली, दारूच्या दुकानांची तपासणी झाली. तशाच इतर शहरांच्या मानानें कार्डिफमध्यें इस्पितळांत दाखल होणारे जखमी कमी झाल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. नंदुरबारास जिल्हा रुग्णालय आहे, २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. वार झालेला माणूस तेथें येतो, तेव्हां त्याची नोंद होतेच. त्या नोंदींत जागा, घटका आणि हत्यार यांचे तीन रकाने घालून महिन्याच्या महिन्यास त्यांची बेरीज पोलिस कचेरींत धाडावयाची, एवढेंच काम करावयाचें राहतें.