मखदूम मोहिउद्दीन : लढ्यात उतरलेला कवी

उर्दू काव्य म्हटले की शमा, परवाना आणि मद्याचा पेला एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही समजूत किती अपुरी आहे, हे ज्यांच्या काव्यावरून कळते, त्यांत हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन अग्रगण्य होत.

मखदूम यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०८ रोजी निजामाच्या राज्यातील मेदक जिल्ह्यात आंदोल येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. चुलत्यांनी त्यांना वाढविले. पुढे ते उस्मानिया विद्यापीठात शिकले. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यातील मराठी तरुणही तेथे उर्दूतूनच शिकत. म्हणून हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना ही भाषा कधी परकी वाटली नाही.

१९३९ साली मखदूम सिटी कॉलेजात अध्यापक झाले. अध्यापकाची नोकरी म्हणजे पोटापाण्याची निश्चिंती आणि समाजात मान. तरीही थोड्याच वर्षांत त्यांनी तिचा त्याग केला व कम्युनिस्ट पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कार्याला वाहून घेतले. तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला तेव्हा ते भूमिगत झाले, पुढे तुरुंगातही गेले. १९५२ साली पोटनिवडणुकीत ते हुजूरनगरहून विधानसभेवर निवडून आले.

अशा धामधुमीत काव्य तगते काय? येथे 'नज्म' व 'गझल' यांतील भेद ध्यानात घ्यावा. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. नज्म मात्र एकच भाव वा विचार आरंभापासून अखेरपर्यंत वाढवीत नेते. 'गज्जलांजली'कार माधव जूलियन यांनी गझल मराठीत रुजविली, त्यामुळे ती आपल्या ओळखीची आहे. मखदूम यांनी प्रथम नज्मच जवळ केली; कारण त्यांना सांगायचे होते ते सलग होते. 'हवेली' या नज्मेत मोडकळीस आलेला वाडा हे जुन्या समाजव्यवस्थेचे प्रतीक होते. 'चाँद तारों का बन' या नज्मेत स्वातंत्र्यापूर्वीची आशा, नंतरचा अपेक्षाभंग आणि पुन्हा पुढे चालण्याचे आवाहन अशा तीन पायऱ्या आहेत. 'सुर्ख सवेरा' हा त्यांचा पहिला संग्रह १९४४ साली, तर 'गुल-ए-तर' १९६१ साली निघाला. प्रौढ वयात ते गझलेकडे वळले, आणि लढवय्याच्या कंठातली कोमलता तेथे मोकळी झाली.

'बिसात-ए-रक्स' या संग्रहाला १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. पुढे 'गमन' (१९७८) व 'बाजार' (१९८२) या चित्रपटांनी त्यांच्या गझला घरोघरी पोहोचविल्या; पण गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कितीकांना कवीचे नाव ठाऊक असते?

त्यांचे राजकारण सर्वांना मान्य होईल असे नाही. होण्याची गरजही नाही. परंतु जे लिहिले त्याची किंमत ज्याने स्वतःच्या आयुष्याने चुकती केली, त्याच्या शब्दाला वेगळे वजन येते. ते गीत पुन्हा कानी पडेल तेव्हा, श्रोतेहो, मखदूम हे नाव आठवावे, एवढीच विनंती.