कांदे काढता काढता बुडालेली लेक्चर्स

परवा सटाणा स्टँडवर मुल्हेरकडची एक विद्यार्थिनी भेटली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "सर, उन्हाळ कांदा काढायला पंधरा दिवस घरी होते. बुडालेलं कसं भरून काढू?"

तिथेच बाकावर बसून तिला 'स्वयम' उघडून दाखवलं. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. लेक्चर्स बघायला एक रुपया लागत नाही. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

इंजिनिअरिंग-विज्ञानवाल्यांनी 'एनपीटेल' बघाच. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. लेक्चरचा लिखित मजकूरही मिळतो, काही कोर्सचा तर मराठीतही. इंग्रजी ऐकताना अडतं त्यांना याचा फार आधार होतो.

गावात रेंज नाही? सटाण्यात असतानाच डाउनलोड करून ठेवा. क्वालिटी कमी ठेवा, फळ्यावरचं वाचता आलं की पुरे.

घरी फ्री डिश असेल तर 'स्वयंप्रभा' वाहिन्या लावा. नेट लागतच नाही! रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम दिवसातून पाच वेळा पुन्हा लागतो, म्हणजे शेतातून आल्यावरही सापडतो.

एक कळकळीने सांगतो. नुसतं बघत राहू नका. दहा मिनिटांनी थांबवा, वही उघडा, आठवेल ते लिहा, अडलं तिथेच मागे जा. माझा स्वतःचा अभ्यास असाच झाला.

आणि प्रॅक्टिकल मात्र कॉलेजातच करा, ते व्हिडिओत येत नाही.

कुठला विषय हवाय? कमेंटमध्ये लिहा, शोधून देतो.